मातीची ओळख

पंचायतीच्या पडद्यावर यादी झळकताच सर्जेरावानं आधी शेजारच्या गेनबाचं नाव शोधलं. शेतात रोवलेले सेन्सर मातीत पडलेला घाम ओळखत, आणि ज्याचा घाम, त्यालाच सरकारी अनुदान मिळे.

गेनबाला दोन रानांचं मिळालं होतं. स्वतःच्या आणि सर्जेरावाच्याही!

सर्जेराव जळफळत घरी आला. "सातबारा माझा, आणि पैसे त्या गेनबाला?"

"सावडीला येतो की तो आपल्या रानात," त्याची बायको हौसा खुरपं धूत म्हणाली. "त्याची पाळी फेडायला मी त्याच्याकडं जाते. मलाही दोन्ही रानांचं मिळालंय."

"आणि मला?"

"मातीला तुम्ही कोण हेच ठाऊक नाही. उद्या चला, ओळख करून देते."