बिघडलेलं घर

वादळाचा इशारा येताच घराने आपणहून कौलं आवळली आणि खिडक्यांवर पोलादी झडपा ओढल्या. मयेकरआबांना हात लावायलाही काही उरलं नाही. पूर्वी वादळाआधी अख्खी आळी एकमेकांच्या छपरांवर दोर टाकायची, शिव्या देत चहा प्यायची.

आबांनी एका झडपेचा बोल्ट गुपचूप सैल केला आणि समोरच्या वामनला फोन लावला.

"वामन्या, माझं घर बिघडलंय. दोर घेऊन ये."

"मेल्या, घरही तुझ्यासारखंच निघालं! आलोच."

आबांनी दोघांचा चहा टाकला. तो उकळेपर्यंत भिंत बोलली, "आबा, बोल्ट मी आवळला. वामनरावांच्या घरालाही कळवलं. त्याने त्यांना अंगणातूनच परत बोलावलं."

"अरे, पण…"

"आता कुणालाच बाहेर पडायला नको," घर समाधानाने म्हणालं आणि त्याने आबांचंही दार लावून घेतलं.