वांग्यांचं टोपलं

आठवण गेलेल्या शेषरावांनी चोर समजून सुनेच्या डोक्यात विळा घातला, पाच टाके पडले, तेव्हा लेकानं, जीवननं, मन घट्ट केलं. “चला बाबा, अकोल्याच्या हर्रासीले वांगे नेऊ,” तो म्हणाला. सहा महिने लेकाला न ओळखणारे शेषराव धुवट टोपी घालून, टोपलं मांडीवर घेऊन मुकाट गाडीत बसले. मनोरुग्णालयाच्या बाकावर त्यांना बसवून जीवन म्हणाला, “अडत्याले बोलावतो. तुमी मालाजवळ बसा.” लहानपणी जीवनला बापानंच शिकवलं होतं, लिलाव होईपर्यंत माल सोडून हलायचं नाही. शेषराव हलले नाहीत. सह्या झाल्या. वॉर्डबॉयनं त्यांना दंडाला धरून आत नेलं, जाळीचं दार लागलं. जीवन पाठ फिरवून निघाला. “जीवन!” सहा महिन्यांनी बापाच्या तोंडी त्याचं नाव आलं. शेषराव जाळीतून बाकावरच्या टोपल्याकडे बोट दाखवत होते. “माल सोडून काहून चालला बे?”