झडपेची पूजा

वैजनाथशेठनी कात्रीने पिशवी कापली, तशी प्रज्ञा धावत आली.

"मालक, थांबा! यानाची झडप हाय ती!"

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात खंडेनवमीची पूजा चालली होती. लेथला झेंडूचे हार झाले, ड्रिलला कुंकू लागलं, आणि आता शेठना मंगळावर जाणाऱ्या यानाच्या इंधननळीतली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, पुजायची होती. ती दुहेरी पिशवीत सीलबंद होती. दुपारी बंगळुरूची गाडी न्यायला येणार होती.

"पिशवीला कुंकू लावून काय उपेग? वस्तूला लागाया पायजे." प्रज्ञाचा हात पुढे आलेला पाहून शेठनी पूजेचं ताट झटकन मागे घेतलं. "ए, शिवू नको! तुमच्या लोकांचं काम न्हाई हे. लांब हो."

सगळे कामगार बघत होते. एकदोघं हसलेसुद्धा.

प्रज्ञा तिथली तपासणी विभागाची प्रमुख. ही झडप तिने कुणाला हात लावू न देता स्वतः धुतली होती, भिंगाखाली धरून तपासली होती. आत धुळीचा कण राहिला तरी झडप अडकते, आणि यानात माणूस नसतो. वाटेत सोडवणार कोण? शेठना हा धंदा वडिलांकडून आयता मिळालेला, त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एक वाक्य ती बोलली असती, तर त्यांचा हात थांबला असता.

ती वाक्य गिळून लांब झाली.

एक कामगार मोबाइलवर फोटो काढू लागला. शेठनी चिमूटभर हळद वाहिली, मग कुंकू. झडपेच्या तोंडातून ते आत सांडलं. प्रज्ञाला वाईट वाटलं. वर्षभराची मेहनत तिचीही होतीच की! पण त्याहून जास्त तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"फोटोत दिसंना, मालक," ती लांबूनच म्हणाली. "अजून जरा वाहा."

शेठनी वाहिलं.

दुपारी गाडी दारात लागली, तेव्हा झडपेवर प्रज्ञाने लावलेली नापासाची लाल चिठ्ठी होती. शेठ धापा टाकत तिच्या टेबलाशी आले.

"ताई, पुसून द्या ना तेवढं. गाडी उभी हाय. पुढचं सगळं काम जाईल आपलं!"

"आत गेलंय ते. वेल्ड केलेली हाय, उघडता येत न्हाई." तिने झडप अलगद उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली. "देव्हाऱ्यात ठेवा हिला, मालक. तिथं मी काय शिवाया येत न्हाई."