मांडीवरच्यांना धरा

सामोआत अपिया शहराकडे घाट उतरताना फेतू ड्रायव्हरनं बसमधली गाणी एकदम बंद केली, तेव्हाच आम्ही सगळे माना उंचावून पुढे बघायला लागलो. त्याच्या पायाखालची विणलेली चटई सरकली होती आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्याखाली अडकून दाबलेलाच राहिला होता. “मांडीवरच्यांना घट्ट धरा रे,” पुढचा थांबा सांगावा तसं तो म्हणाला. आमच्याकडे बसमध्ये कुणी उभं राहत नाही. जागा संपली की मांडीवर बसायचं. मी जिच्या मांडीवर होते, त्या अनोळखी बाईनं मला कवटाळलं. फेतूनं क्लच दाबून गिअर काढला. इंजिन किंचाळलं, पण ब्रेकवरचा त्याचा पाय ढळला नाही. बस कडेला थांबल्यावरच त्यानं किल्ली फिरवली. मग मात्र तो स्टिअरिंगला घट्ट धरून बसला, सोडेचना. पुढच्याच बाकावरच्या मालिया आजीनं मांडीवरची टोपली सरकवून मांडी थोपटली. “सगळ्यांची सोय केलीस, गाढवा, तुला कोण धरणार? ये, बस.” धिप्पाड फेतू उठून तिच्या मांडीवर जाऊन बसला.