ओ द्यायला कुणीतरी

"बघच तू आता!" रेवानं ऐटीत जुन्या राउटरची पिन उपटली. आईच्या फॉर्म भरायच्या दुकानातलं नेट ऐन गर्दीत मान टाकायचं, म्हणून तिनं शेजारी दुसरा राउटर बसवला होता. स्क्रीनवरचा अर्ज अडखळलासुद्धा नाही.

"अगं बाई! हे कसं?" आईनं विचारलं.

"सोप्पंय! नवा सारखा जुन्याला विचारतो, आहेस ना? उत्तर आलं नाही, की त्याच्या जागी उभा राहतो. गिऱ्हाइकाला पत्ताच लागत नाही."

आईनं चहा गाळला आणि सवयीनं माडीकडे हाक दिली, "निनाद, चहा घे रे!"

जुना राउटर निनाददादानं लावलेला. दिवाळीआधी दादा अपघातात गेला, तरी आईची हाक रोज माडीवर जायची. ती रिकामी परतू नये म्हणून रेवाच ओ द्यायची. आईच्या ते ध्यानातही येत नाही, असं तिला वाटायचं.

"ओ, आले!"

आईनं दादाचा बिनसाखरेचा कप तिच्या हातात ठेवला. "गिऱ्हाइकाला नसेल लागत पत्ता," विझलेल्या राउटरकडे बघत ती म्हणाली, "मला रोज लागतो. तरी तू ओ देत जा."