गोलघुमटातली हाक

"गार्गीऽऽ!"

गोलघुमटाच्या सज्जातून तिनं जीव खाऊन हाक मारली, तशी ती हाक घुमटात फिरून फिरून परत आली. समोर सहलीला आलेल्या पोरांना वाटलं, ही बाईही आपल्यासारखी आवाज घुमवून बघतेय. मग सगळीच एका सुरात ओरडली, "गार्गीऽऽ!" हशा पिकला. कुणी शीळ घातली.

"अरे, गप्प बसा रे! माझी पोर हरवलीय!" तेही शब्द घुमले आणि त्यांच्यावरही टाळ्या पडल्या. बाजूचे आजोबा कौतुकानं म्हणाले, "अजून मोठ्यानं, ताई! सात वेळा घुमतं."

गाइडनं 'इथली भिंत बोलते, पलीकडची कुजबुज इकडे ऐकू येते' म्हटल्याबरोबर हात सोडवून पळालेली पाच वर्षांची पोर. कठड्यावरून वाकून तिनं आधी खालच्या थडग्यांकडे बघितलं. तिथं ती नव्हती, देवाची कृपा. पण वर सज्जातल्या गर्दीतही कुठं दिसेना. भिंतीला गाल लावून ती मटकन बसली आणि हुंदक्यांतून पुटपुटली, "गार्गे, कुठं आहेस गं, बाळा?"

कानाशी भिंत कुजबुजली, "आई, तू भिंतीत अडकलीस? रडू नकोस. तू बाहेर निघेपर्यंत मी इथून हलणार नाही."