गेटवरचा नारळ

"आपल्याच काठावर जायाला तिकीट?" सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. पनवेलजवळचा आमचा नदीकाठ पक्ष्यांसाठी राखीव झाल्यानंतरची ही पहिली नारळी पौर्णिमा. गेटवर नव्या खाकीत माझा धाकटा दीर निकेश उभा होता. नोकरी लागून पंधराच दिवस झालेले, म्हणून ओळख दाखवायची नाही, असं घरीच ठरलं होतं. दुर्बिणी अडकवलेले पाहुणे आत गेले. गेटवरच्या वनखात्याच्या साहेबांनी सासूबाईंच्या हातातला नारळ पाहिला. "आजी, पूजा बाहेर करा. आत पक्षी आहेत." "माजा नारल काय पाखरं खातो?" "निकेश, ह्यांना बाहेर काढ," साहेब म्हणाले. त्यानं परक्या बाईचा धरावा तसा आईचा दंड धरला. सासूबाई हलल्या नाहीत, पण लेकाकडे पाहिलंही नाही. निकेशनं दंड सोडला, नारळ हातात घेतला. "हितूनच माजा बाप होडी लोटायचा, साहेब. नारल मीच सोडनार. ही माजी आय हाय."